घरबसल्या सगळं मिळत असताना पुस्तक मेळ्याला कशासाठी जायचं?

प्रश्न असा आहे: हवं ते पुस्तक दोन-तीन दिवसांत दारात येतं, लेखकांच्या मुलाखती फोनवर फुकट बघता येतात, मग गर्दीत पाय दुखवत पुस्तक मेळ्याला किंवा साहित्य महोत्सवाला जाऊन नेमकं मिळतं काय? विचारणाऱ्यानं पुढे असंही म्हटलंय की तो स्वतः थोडंफार लिहितो, आणि ‘ओळखी होतात’ हे उत्तर ऐकून ऐकून कंटाळला आहे.

मी संपादन आणि अनुवाद करते. या दोन्ही कामांसाठी बरीच वर्षं मेळ्यांना जाणं होतं, कधी गाळ्याच्या आत बसायला, कधी नुसतं हिंडायला. ओळखी होतात हे खरं आहे, पण त्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. आणखी दोन गोष्टी आधीच मान्य करून टाकते. एखादं ठरावीक पुस्तक स्वस्तात हवं असेल, तर मेळ्याला जाऊ नका. सवलत आता सगळीकडेच असते. एखाद्या नामवंत लेखकाला मंचावर बघायचं असेल, तर पंचविसाव्या रांगेतून दिसतो त्यापेक्षा तो घरच्या पडद्यावर बरा दिसतो. मेळ्यातून ‘काही विशेष नव्हतं’ म्हणत परतणारे बहुतेक लोक या दोनपैकी एका कारणासाठी गेलेले असतात.

मला विचाराल तर मेळ्याचं खरं वेगळेपण त्याच्या मांडणीत आहे. दुकानात पुस्तकं विषयानुसार लावलेली असतात. ग्रंथालयात वर्गीकरणाच्या क्रमांकानुसार. ऑनलाइन दुकानात ती तुमच्या आधीच्या खरेदीनुसार समोर येतात, म्हणजे तुमचं जे वाचून झालं त्याचीच भावंडं. पुस्तकं प्रकाशकानुसार मांडलेली दिसतात ती मेळ्यातच. इतकी साधी गोष्ट, पण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कारण आपण पुस्तक लेखकाच्या नावानं ओळखतो. प्रकाशकाचं नाव शीर्षकपानाच्या तळाशी असतं आणि तिथेच राहतं.

एका गाळ्यासमोर उभं राहून त्या प्रकाशनसंस्थेची सगळी पुस्तकं एका नजरेत बघा. कादंबऱ्यांबरोबर वनस्पतींवरची पुस्तकं का आहेत? कवितासंग्रह कमी, पण पत्रव्यवहाराचे चार खंड कसे? चार चित्रकारांची चरित्रं एकाच वर्षात का आली? थोडा वेळ बघितलं की एका माणसाची किंवा छोट्या गटाची आवड दिसायला लागते. कुणीतरी वर्षानुवर्षं ‘हे छापायचं, हे नाही’ असं ठरवत आलेलं असतं. ती आवड तुमच्या आवडीशी जुळली, तर पुढची कित्येक वर्षं काय वाचायचं याची काळजी मिटते. त्या संस्थेचं अनोळखी लेखकाचं पुस्तकही तुम्ही विश्वासानं उचलता. माझ्या वाचनातली सगळ्यात चांगली अनपेक्षित पुस्तकं अशीच आली आहेत, कुणाच्या शिफारशीवरून नव्हेत.

हे छोट्या प्रकाशकांकडे जास्त चांगलं घडतं. मोठ्या संस्थेच्या दालनात हजारो शीर्षकं असतात आणि विक्रीला नेमलेली मुलं असतात. त्यांचा दोष नाही, त्यांना आजचा गल्ला बघायचा असतो. पंचवीस-तीस पुस्तकं मांडलेल्या गाळ्यावर मात्र समोर बसलेला माणूसच बऱ्याचदा ती पुस्तकं निवडणारा, मुद्रितं तपासणारा आणि गठ्ठे उचलून आणणाराही असतो. त्याला ‘काय नवीन?’ असं विचारू नका. ‘तुम्हाला स्वतःला आवडणारं, पण न विकलं गेलेलं पुस्तक कोणतं?’ असं विचारा. हा प्रश्न विचारल्यावर माणसाचा चेहराच बदलतो. तो खाली वाकून, मागच्या रांगेतून काहीतरी काढतो आणि त्या पुस्तकाबद्दल जे सांगतो ते कोणत्याही मलपृष्ठावर छापलेलं नसतं. तुम्ही ते पुस्तक घ्यावंच असं नाही. पण वाचकांपर्यंत काय पोचतं, काय पोचत नाही आणि का, याचं शिक्षण दहा मिनिटांत होतं.

जुन्या पुस्तकांचंही तसंच. दुकानातली फळी म्हणजे भाड्याची जागा. जे पुस्तक हलत नाही ते परत जातं, वितरकही संथ विकली जाणारी पुस्तकं ठेवायला नाखूश असतो. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा उत्तम कोश, गौरवग्रंथ, एखाद्या संशोधकाचे संकलित लेख ही पुस्तकं प्रकाशकाच्या गोडाऊनमध्ये असूनही बाजारात ‘उपलब्ध नाही’ अशीच दिसतात. मेळ्यासाठी गोडाऊन उघडलं जातं. विद्यापीठांची, अकादम्यांची आणि शासकीय संस्थांची प्रकाशनं तर एरवी भेटतच नाहीत, कारण छापणं हे त्यांचं काम असतं आणि विकणं कुणाचंच नसतं. या गाळ्यांवर गर्दी नसते, सजावट नसते, कधीकधी पावती करणारा माणूसही जागेवर नसतो. तरी तिथे पहिल्यांदा जा. शेवटच्या दिवशी गेलात तर शेवटची प्रत गेलेली असेल.

अनुवादित अभिजात पुस्तकं घेणाऱ्यांना तर मेळ्याइतकी सोय कुठेच नाही. एकाच जुन्या कादंबरीचे दोन-तीन अनुवाद वेगवेगळ्या गाळ्यांवर असतात. मी करते ते सांगते. पहिलं पान वाचत नाही, कारण पहिल्या पानावर प्रत्येक अनुवादक जीव ओततो. मधलं एखादं प्रकरण उघडायचं, शक्यतो संवाद असलेलं, आणि तोच परिच्छेद प्रत्येक अनुवादात वाचायचा. पात्रं माणसांसारखी बोलताहेत की भाषांतरासारखी, हे लगेच कळतं. मग श्रेयपान, म्हणजे प्रकाशनाचे तपशील दिलेलं सुरुवातीचं पान, बघायचं: अनुवाद मूळ भाषेतून आहे की दुसऱ्या भाषेतल्या अनुवादावरून, मूळ पुस्तकाचं नाव आणि साल दिलं आहे का, आणि बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ असं लिहिलंय का. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर क्वचितच असतो. अनुवादकाचं नावच सापडलं नाही तर मी पुस्तक खाली ठेवते. ज्यांना ते नाव छापावंसं वाटलं नाही, त्यांनी मजकुराचीही फारशी काळजी घेतली नसणार, असा माझा अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही.

हाताळून बघण्याबद्दल फार भावुकपणे बोललं जातं, कागदाचा वास वगैरे. मला त्यात रस नाही. हाताळायचं ते वेगळ्या कारणासाठी. जाड पुस्तक मधोमध उघडून बघा: ते सपाट राहतं की जोर लावावा लागतो, आतल्या बाजूची अक्षरं बांधणीत गेली आहेत का, पानं शिवलेली आहेत की फक्त चिकटवलेली. कोश किंवा संदर्भग्रंथ नुसता चिकटवलेला असेल तर रोजच्या वापरात त्याची पानं सुटू लागतात. हे फोटोवरून कळत नाही.

आता थोडं मागे जाते, कारण मेळा ही नुसती विक्रीची जागा कधीच नव्हती, ती बातमीचीही जागा होती. पुढे पोप झालेला एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी १४५४ च्या शरद ऋतूत जर्मनीतल्या फ्रँकफर्टला होता. १४५५ च्या मार्चमध्ये त्यानं एका कार्डिनलला पत्रातून कळवलं की तिथे आपण बायबलचे छापील भाग पाहिले. अक्षरं इतकी स्वच्छ की चष्म्याशिवाय वाचता यावीत. हे युरोपातल्या छपाईचा जनक मानल्या जाणाऱ्या गुटेनबर्गचं बायबल. प्रती किती, तर कुणी १५८ सांगतं, कुणी १८०, असंही तो लिहितो. आणि काम पुरं व्हायच्या आतच सगळ्या प्रतींना गिऱ्हाईक मिळालं होतं. म्हणजे पुस्तक अजून तयार नाही, पण त्याची वार्ता आणि नमुन्याची पानं माणसांमधून हिंडताहेत. पुढे याच शहराच्या मेळ्यात छापील पुस्तकांचा व्यापार वाढला. १५६४ मध्ये आउग्सबुर्गचा पुस्तकविक्रेता गेओर्ग विलर यानं मेळ्यात येणाऱ्या पुस्तकांची छापील सूची काढायला सुरुवात केली. जे लोक मेळ्याला येऊ शकत नव्हते, ते ती सूची वाचून पुस्तकं मागवत. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरनं ग्रहांच्या स्थानांची आपली कोष्टकं १६२७ मध्ये उल्म शहरात छापून घेतली आणि प्रती घेऊन तो स्वतः फ्रँकफर्टच्या मेळ्याला गेला. आपलं पुस्तक घेऊन गाळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या लेखकाला संकोच वाटत असेल, तर ही परंपरा त्यानं ध्यानात ठेवावी.

आजचा फ्रँकफर्टचा मेळा दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, पाउल्सकिर्खे या वास्तूत २०५ जर्मन प्रकाशकांना घेऊन नव्यानं सुरू झाला. आज तो जगातला सगळ्यात मोठा व्यापारी पुस्तक मेळा आहे. पण ‘व्यापारी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तिथे मुख्य उलाढाल पुस्तकांची नसते, ती छापण्याच्या हक्कांची असते: कोणत्या भाषेत, कोणत्या प्रदेशात, किती वर्षांसाठी. हक्कविक्रेते आणि संपादक दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठरलेल्या भेटी घेत असतात. तिथे वाचक म्हणून भटकायला गेलेला माणूस भांबावतो. इटलीतल्या बोलोन्याचा बालपुस्तकांचा मेळा १९६४ पासून भरतो आणि तोही मुख्यतः व्यावसायिकांसाठी. लंडनचा मेळा १९७१ मध्ये सुरू झाला तो छोट्या प्रकाशकांनी ग्रंथपालांना आपली पुस्तकं दाखवावीत म्हणून. याउलट १९७६ मध्ये सुरू झालेला कोलकात्याचा मेळा हा वाचकांचा. तिथे माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथला १९८७ पासूनचा मेळा दोन्ही प्रकारचा आहे, हक्कांचे व्यवहारही होतात आणि शाळकरी मुलांच्या झुंडीही येतात. साहित्य महोत्सव ही आणखी वेगळी गोष्ट. इंग्लंडमधल्या चेल्टनमचा महोत्सव १९४९ चा, वेल्समधल्या हे-ऑन-वायचा १९८८ चा, जयपूरचा २००६ चा. यांच्या केंद्रस्थानी गाळे नसतात, मंच असतो. जर्मनीतल्याच लाइपझिगनं मेळा आणि महोत्सव या दोन्हींची सांगड घातली आहे: मेळा चालू असताना शहरभर लेखकांची वाचनं होतात. आपण कुठे चाललो आहोत हे जाण्यापूर्वी बघून घेतलं, तर निम्मा अपेक्षाभंग टळतो.

महोत्सवाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. मोठ्या मंचावरच्या परिसंवादातून क्वचितच काही हाती लागतं. साधा हिशोब करा. सत्र एक तासाचं, त्यातली पंधरा मिनिटं प्रेक्षकांच्या प्रश्नांना. उरली पंचेचाळीस. सूत्रसंचालकाची प्रस्तावना आणि परिचय यांत दहा मिनिटं गेली की पाच वक्त्यांना प्रत्येकी सात मिनिटं येतात. सात मिनिटांत कुणीही आपलं ठरलेलं, आधी दहा ठिकाणी बोललेलं वाक्यच बोलतो. त्यामुळे मी कार्यक्रमपत्रिका हातात आली की आधी पाच जणांची सत्रं खोडते. एक लेखक आणि एक मुलाखतकार, तेही छोट्या दालनात, अशी सत्रं शोधते. त्यातही मुलाखतकार कोण हे लेखकापेक्षा जास्त बघते. पुस्तक नीट वाचून आलेला मुलाखतकार लेखकाला त्याच्या सरावाच्या उत्तरांपलीकडे नेतो. न वाचलेला मुलाखतकार ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कशी मिळाली’ इथे सुरुवात करतो आणि तिथेच संपवतो.

लेखकानं स्वतःचं वाचणं ही मात्र ऐकण्यासारखी गोष्ट आहे. कवितेत तर ओळ कुठे मोडते आणि आवाज कुठे थांबतो यांत फरक असतो, तो कानांनीच कळतो. गद्यातही एखादा लेखक विनोदी वाटणारा उतारा अगदी सपाट आवाजात वाचतो आणि मग त्या पुस्तकाचा सूर आपण चुकीचा धरला होता हे लक्षात येतं. अनुवादकांची सत्रं हा माझा पक्षपात आहे हे कबूल करते, पण ती खरंच चुकवू नका. दोन अनुवादक एकाच उताऱ्याचे आपापले अनुवाद वाचून एका-एका शब्दासाठी भांडतात, असे कार्यक्रम काही महोत्सवांत होतात. वाक्य कसं बनतं याचा इतका उघडा धडा लेखनाच्या कार्यशाळेतही मिळत नाही. शिवाय अशा सत्रांना गर्दी नसते आणि नंतर वक्त्यांशी बोलता येतं.

प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी कागदावर एका वाक्यात लिहा. माइक हातात आल्यावर स्वतःचं मत मांडून ‘यावर आपल्याला काय वाटतं?’ असं जोडणारे लोक प्रत्येक महोत्सवात असतात. सभागृह त्यांना मनातल्या मनात शिव्या घालतं. पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागेबद्दलचा प्रश्न असेल तर लेखक खुलतो. अमुक पात्र मधल्या भागात नाहीसं का होतं, निवेदक मध्येच का बदलतो, असा. लेखकांना असे प्रश्न फार कमी येतात.

आता तुम्ही लिहिता म्हणून तुमच्यासाठी वेगळं. पहिली गोष्ट, हस्तलिखित बरोबर नेऊ नका. मेळ्याच्या दिवसांत कोणताही संपादक काही वाचण्याच्या स्थितीत नसतो. त्याला दिलेला कागदांचा गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यांखाली जातो आणि तुम्ही वर्षभर उत्तराची वाट बघता. हस्तलिखितं कधी आणि कुठे पाठवायची, आधी काही प्रकरणं पाठवायची की पूर्ण, उत्तराला साधारण किती वेळ लागतो, एवढंच विचारा. त्यातही तुमच्या प्रकारचं लेखन ही संस्था छापते का हे आधी तिच्या मांडणीवरून स्वतः बघून घ्या. कवितासंग्रह कधीच न छापणाऱ्या प्रकाशकाकडे कविता पाठवण्याचा वेळ आणि मनस्ताप तिथेच वाचतो. जी पुस्तकं तुमच्या लेखनाच्या जवळची वाटतात त्यांचं श्रेयपान आणि ऋणनिर्देश वाचा. संपादकाचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं, आणि पुढे पत्र लिहिताना ‘माननीय संपादक’ ऐवजी माणसाच्या नावानं सुरुवात करता येते.

तुमच्याकडून पैसे घेऊन पुस्तक काढणारेही मेळ्यात भेटतील, आणि तेच सगळ्यात अगत्यानं बोलतील. त्यांच्याशी बोलायला हरकत नाही. फक्त तीन गोष्टी विचारा: प्रती किती छापणार, त्या दुकानांपर्यंत कोण पोचवणार, आणि हक्क कुणाकडे राहणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर निघा.

पण लिहिणाऱ्याला मेळ्यातून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट याहून साधी आहे, आणि ती फुकट आहे. एखाद्या गर्दीच्या गाळ्याच्या कडेला अर्धा तास नुसतं उभं राहायचं आणि वाचकांचे हात बघायचे. माणूस पुस्तक उचलतो. मुखपृष्ठ बघतो, लगेच उलटं करून मलपृष्ठ वाचतो, दोन ओळींत मन लागलं नाही तर तिथेच ठेवून देतो. लागलं तर किंमत बघतो, मग पुस्तक उघडतो. बहुतेक जण पहिलं पान उघडत नाहीत, मध्येच कुठेतरी उघडतात, सात-आठ ओळी वाचतात. प्रस्तावना फारसं कुणी वाचत नाही. ‘वाचकाला खिळवून ठेवणारी’ अशी विशेषणं असलेला मजकूर वाचताना डोळे सरळ खाली घसरतात. एखादा प्रसंग, एखादं नेमकं वाक्य असेल तिथे थांबतात. जोडीनं आलेले लोक एकमेकांना पुस्तकाबद्दल काय सांगतात ते ऐका. कुणी कथानक सांगत नाही. ‘ती नाही का, बाप मुलाला शोधत जातो ती’ असं म्हणतात. तुमचं पुस्तक एखादा वाचक दुसऱ्याला एका वाक्यात कसं सांगेल, हा विचार तिथे उभं राहून जितका स्पष्ट होतो तितका टेबलाशी होत नाही. मी मलपृष्ठाचा मजकूर लिहायला कुणाकडून शिकले असं विचारलं, तर या अनोळखी हातांकडून.

चित्रकार आणि मांडणीकारांचा फायदा तर याहून थेट आहे. बोलोन्यात १९६७ पासून चित्रकारांचं प्रदर्शन निवड करून भरवलं जातं आणि प्रकाशक नवे चित्रकार शोधायला तिथे येतात. चित्र एका नजरेत कळतं, हस्तलिखित कळत नाही. म्हणून लेखकानं जे करू नये ते चित्रकारानं जरूर करावं, कामाचे मोजके नमुने घेऊन फिरावं.

ग्रंथपाल आणि शिक्षकांना हे सगळं ठाऊक असतं, त्यांच्यासाठी लिहीत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगते: त्यांना एक पुस्तक संपूर्णपणे त्यांच्या मर्जीनं घेऊ द्या, मग ते कितीही भडक आणि निरर्थक वाटो. त्या गोष्टीवर ‘याऐवजी हे बघ’ म्हटलंत की मुलांच्या लेखी मेळा म्हणजे शाळाच.

उरला तुमचा मूळ मुद्दा, की हे सगळं पडद्यावर होऊ शकत नाही का. त्याची चाचणी झालेली आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे लंडन आणि लाइपझिगचे मेळे रद्द झाले, फ्रँकफर्टचा बव्हंशी ऑनलाइन भरला. लाइपझिगला तर २०२१ आणि २०२२ लाही मेळा झाला नाही, तो २०२३ मध्ये परत आला. त्या काळात हक्कांचे व्यवहार थांबले नाहीत. ज्यांची आधीपासून ओळख होती, त्यांनी व्हिडिओवर बोलून ते पार पाडले. ज्या पुस्तकाचं नाव माहीत होतं, तेही विकत घेता आलं. अडलं ते अनोळखी माणसाशी आणि अनोळखी पुस्तकाशी गाठ पडण्याचं काम. भेट ठरवायला आधी नाव माहीत असावं लागतं, शोधाच्या चौकटीत टाकायलाही नाव माहीत असावं लागतं. म्हणून परवानगी मिळताच, प्रवासाचा खर्च आणि दगदग असूनही, लोक पुन्हा दालनांमध्ये आले. रेकॉर्ड केलेली सत्रं मात्र खुशाल घरी बघा. ‘सत्र चुकलं’ म्हणून हळहळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गाळे रेकॉर्ड होत नाहीत, तिथे वेळ घाला.

एकच दिवस असेल तर असं करा. आठवड्यातला कामाचा दिवस घ्या, दार उघडताच आत जा. पहिले दोन तास काहीही विकत घेऊ नका. नकाशा घेऊन छोटे प्रकाशक आणि संस्थांचे गाळे फिरा, आवडलेल्या पुस्तकाचं शीर्षकपान आणि गाळ्याचा क्रमांक यांचे फोटो काढा. गाळेवाल्याला विचारून काढा, काहींना आवडत नाही. छापील सूची मिळेल तिथे घ्या, ती वजनाला हलकी आणि वर्षभर उपयोगी. दुपारी गर्दी वाढली की एखादं छोटं सत्र गाठून बसा, पायांनाही विश्रांती मिळते. मग फोटोंमधली निम्मी पुस्तकं गाळा. दोन तासांनंतरही जे हवंसं वाटतं तेच परत जाऊन घ्या. यादीच्या बाहेरचं एक पुस्तक घ्यायची मुभा मी स्वतःला देते, बहुधा ते त्या ‘न विकल्या गेलेल्या’ पुस्तकांपैकी असतं. संपादकाशी किंवा प्रकाशकाशी काही बोलणं झालं असेल तर आठवड्याभरानं, त्यांची आवराआवर झाल्यावर, चार ओळींचं पत्र पाठवा: कोणत्या पुस्तकाबद्दल बोललो होतो, ते वाचून काय वाटलं. आपल्या हस्तलिखिताचा विषय त्या पत्रात काढू नका, तो पुढच्या पत्रात.